चढाईचा उतारा कसा काढावा
महाविद्यालयीन कबड्डीतील चढाईपटूंची क्रमवारी लावण्याची सोपी आणि न्याय्य पद्धत

माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूर परिसरात उताऱ्याचा हिशेब कुणाला शिकवावा लागत नाही. कारखान्याने किती टन ऊस गाळला हे कळले की लगेच पुढचा प्रश्न येतो, उतारा किती पडला? शंभर किलो उसातून साखर किती निघाली, यावर सारे ठरते. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दरही, याच उताऱ्याला बांधलेली आहे. कबड्डीच्या मैदानावर मात्र आपण अजून टनांपाशीच थांबतो. स्पर्धा संपली की ज्याचे गुण सर्वांत जास्त, तो सर्वोत्कृष्ट चढाईपटू ठरतो. ते गुण त्याने किती चढायांत मिळवले, त्यासाठी तो किती वेळा पकडला गेला आणि समोर किती बचावपटू उभे होते, हे कुणी विचारत नाही.

हा प्रश्न बक्षिसापुरता असता तर त्यावर लेख लिहिण्याची गरज नव्हती. महाळुंग-श्रीपूर, बोरगाव, माळीनगर, अकलूज या भागातली मुले-मुली ज्या महाविद्यालयांत शिकतात, ती पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या कक्षेत येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो संघ पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत आणि राज्याच्या ‘अश्वमेध’ महोत्सवात उतरतो. २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेचे दारही याच वाटेवर आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत लहान महाविद्यालयाचा संघ दुसऱ्याच सामन्यात घरी परततो. त्या संघातल्या चांगल्या चढाईपटूच्या नावापुढे दोनच सामन्यांचे गुण राहतात. अंतिम फेरीपर्यंत गेलेल्या मोठ्या संघाच्या खेळाडूंकडे पाच-सहा सामन्यांचे गुण असतात. एकूण गुणांची यादी लावली की लहान महाविद्यालयाचा खेळाडू तळाला जातो आणि निवड समितीची नजर तिथपर्यंत पोहोचत नाही. क्रमवारीची पद्धत चुकली तर एखाद्याचे वर्ष वाया जाते. म्हणून ती नीट लावली पाहिजे.

पुढे सांगितलेली पद्धत महाविद्यालयाचे क्रीडा संचालक, मंडळांचे प्रशिक्षक, गुणलेखन करणारे विद्यार्थी आणि स्वतः खेळाडू यांच्यासाठी आहे. तिला वही, पेन आणि साधी बेरीज-वजाबाकी पुरते.

एकूण गुण का फसवतात

प्रो कबड्डीचे उदाहरण सर्वांच्या ओळखीचे आहे. २०१७ च्या पाचव्या हंगामात पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालने चढाईतून ३६९ गुण मिळवले. २०१९ च्या सातव्या हंगामात बंगळुरू बुल्सच्या पवन सेहरावतचे चढाईचे गुण होते ३४६. एकूण गुणांत प्रदीप पुढे आहे. पण प्रदीपने ते २६ सामन्यांत मिळवले आणि पवनने २४ सामन्यांत. सरासरी काढली तर प्रदीपचे सामन्याला १४.१९ गुण होतात आणि पवनचे १४.४२. फरक थोडका आहे, तरी क्रम उलटतो. २०१८ मध्ये पहिल्यांदाच प्रो कबड्डी खेळणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाईने यू मुंबाकडून २१ सामन्यांत २१८ गुण घेतले होते. सामन्याला दहाहून अधिक गुण घेणारा हा नवखा खेळाडू नुसत्या बेरजेच्या यादीत तेवढा उठून दिसत नाही.

सामन्यामागे सरासरी हीसुद्धा पहिलीच पायरी आहे. एका सामन्यात एखादा गडी २२ चढाया करतो, दुसऱ्याच्या वाट्याला ८ येतात. म्हणून भागायचे ते सामन्यांनी न भागता चढायांनी.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्येही हाच पेच होता. तिथे वाइड रिसीव्हर नावाचा खेळाडू पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलतो आणि जमेल तितके अंतर कापतो. वर्षानुवर्षे त्याची किंमत एकूण कापलेल्या यार्डांवर ठरायची. जो संघ सतत चेंडू फेकतो, त्याच्या रिसीव्हरचे यार्ड आपोआप वाढायचे. आता तिथले अभ्यासक रिसीव्हरकडे चेंडू किती वेळा फेकला गेला आणि तो झेल घेण्यासाठी किती वेळा धावला, त्या प्रत्येक संधीमागे किती यार्ड मिळाले हे पाहतात. आपल्याकडे ही संधी म्हणजे चढाई. ती मोजायला सोपी आहे, कारण प्रत्येक चढाईला सुरुवात आणि शेवट असतो आणि ती ३० सेकंदांत संपवावीच लागते.

नोंद कशी ठेवावी

पुरुषांच्या ४० मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक चढाईने पूर्ण ३० सेकंद घेतली तर ८० चढाया बसतात, म्हणजे एका संघाला साधारण ४०. दोन विद्यार्थी हे काम सहज करू शकतात. एकाने मैदानावर नजर ठेवून सांगायचे, दुसऱ्याने लिहायचे. पाहणे आणि लिहिणे ही दोन्ही कामे एकट्याने करू नयेत, नोंदी सुटतात. मोबाइलवर सामन्याचे चित्रीकरण असेल तर रात्री पडताळा घेता येतो.

प्रत्येक चढाईला एक ओळ द्यावी आणि तिच्यात सहा गोष्टी लिहाव्यात:

१. चढाईचा क्रमांक आणि सामन्याचे कितवे मिनिट.
२. चढाईपटूच्या बनियनवरचा क्रमांक.
३. समोर किती बचावपटू होते.
४. ही ‘डू ऑर डाय’ चढाई होती का. संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी अशी येते आणि तिच्यात गुण मिळाला नाही तर चढाईपटू बाद होतो.
५. निकाल: रिकामी, स्पर्शाचे गुण किती, बोनस, की बाद. सुपर टॅकल झाली असेल तर वेगळी खूण.
६. त्या क्षणी आपला संघ किती गुणांनी पुढे किंवा मागे होता.

रिकामी चढाई न चुकता लिहावी. गुण मिळाला की सगळ्यांच्या लक्षात राहतो, रिकामी चढाई विसरली जाते. पण भागाकाराचा खालचा आकडा तिच्याशिवाय पूर्ण होत नाही.

समोरचा सगळा संघ बाद झाला की मिळणारे लोणाचे दोन गुण चढाईपटूच्या खात्यात धरू नयेत. शेवटचा गडी कुणी टिपला हा योगायोग असतो, लोण सगळ्या संघाने चढवलेला असतो. बाद फेरीत बरोबरी झाल्यावर होणाऱ्या पाच-पाच चढायांची नोंदही वेगळी ठेवावी. तिथे बाद होणे आणि पुन्हा आत येणे हा नियम नसतो, त्यामुळे तो वेगळाच खेळ होतो.

तीन आकडे काढा

नोंद हाती आली की प्रत्येक चढाईपटूचे तीन आकडे काढावेत.

पहिला, यशस्वी चढायांचे प्रमाण. किमान एक गुण मिळालेल्या चढाया भागिले एकूण चढाया.

दुसरा, नाबाद प्रमाण. ज्या चढायांतून गडी सुखरूप मध्यरेषेवर परतला त्या चढाया भागिले एकूण चढाया. बाहेर बसलेला चढाईपटू कितीही गुणवान असला तरी त्याचा संघाला उपयोग नसतो, म्हणून या आकड्याला मोल आहे.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, चढाईचा उतारा. चढाईपटूने मिळवलेल्या स्पर्शाच्या आणि बोनसच्या गुणांतून, तो बाद झाल्यामुळे प्रतिस्पर्ध्याला मिळालेले गुण वजा करायचे. साधी पकड झाली तर एक गुण वजा. समोर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली तर ती सुपर टॅकल, म्हणून दोन गुण वजा. उरलेल्या निव्वळ गुणांना एकूण चढायांनी भागायचे.

पद्धत समजावी म्हणून तीन काल्पनिक खेळाडू घेऊ.

खेळाडू अ: ५ सामने, ९० चढाया, ४५ गुण. २४ वेळा बाद, त्यात ३ सुपर टॅकल, म्हणजे दिलेले गुण २७. निव्वळ १८. उतारा ०.२०. नाबाद प्रमाण ७३ टक्के.

खेळाडू ब: ५ सामने, ६० चढाया, ३६ गुण. १२ वेळा बाद, त्यात १ सुपर टॅकल, दिलेले गुण १३. निव्वळ २३. उतारा ०.३८. नाबाद प्रमाण ८० टक्के.

खेळाडू क: २ सामने, १४ चढाया, ९ गुण. २ वेळा बाद, दिलेले गुण २. निव्वळ ७. उतारा ०.५०. नाबाद प्रमाण ८६ टक्के.

एकूण गुणांची यादी अ, ब, क अशी लागते. उताऱ्याची यादी बरोबर उलटी, क, ब, अ. अ ने ४५ गुण मिळवले हे खरे, पण २७ गुण देऊनही टाकले. ब ने तीस चढाया कमी करून संघाच्या पदरात अ पेक्षा पाच निव्वळ गुण जास्त टाकले.

दोन खेळाडूंचा उतारा सारखाच आला तर ज्याच्या गुणांत स्पर्शाचा वाटा जास्त, त्याला वर ठेवावे. स्पर्शाने समोरचा गडी बाहेर जातो आणि आपला बाद झालेला गडी आत येतो. बोनसचा गुण मिळतो, पण त्याने कुणी बाद होत नाही आणि कुणी आत येत नाही. शिवाय बोनस समोर सहा किंवा सात बचावपटू असतानाच मिळतो.

थोड्या चढायांवर निकाल देऊ नका

आता क चा विचार करू. चौदा चढायांचा ०.५० उतारा पाहून त्याला पहिला क्रमांक द्यावा का? त्या चौदांत आणखी दोनच चढाया फसल्या असत्या तर आकडा खाली आला असता. दुसरीकडे, चढाया कमी म्हणून त्याला यादीतून वगळले तर लहान महाविद्यालयाच्या खेळाडूवर तोच जुना अन्याय होतो.

यावर संख्याशास्त्रात एक जुना आणि सोपा उपाय आहे. प्रत्येक खेळाडूच्या खात्यात सरासरी दर्जाच्या ठरावीक चढाया मिळवायच्या. समजा, स्पर्धेतील सर्व चढाईपटूंचा मिळून उतारा ०.२५ आहे. प्रत्येकाच्या खात्यात अशा ४० चढाया, म्हणजे १० निव्वळ गुण टाकू. ४० हा आकडा मी एका संघाच्या एका सामन्यातल्या साधारण चढायांवरून घेतला आहे. तुम्ही ३० किंवा ५० घेऊ शकता, मात्र तो सर्वांना सारखा हवा आणि स्पर्धेआधी ठरलेला हवा.

अ: (१८ + १०) ÷ १३० = ०.२२
ब: (२३ + १०) ÷ १०० = ०.३३
क: (७ + १०) ÷ ५४ = ०.३१

आता क्रम लागतो ब, क, अ. ब ने साठ चढायांत सातत्य दाखवले, त्याला पहिला मान मिळाला. क लगेच त्याच्या मागे आहे. दोनच सामने खेळूनही तो निवड समितीच्या डोळ्यांपुढे राहिला, आणि चाचणीसाठी त्याला बोलवा असे सांगायला आपल्या हाती पुरावा आला. ज्याच्या चढाया जास्त, त्याचा आकडा या मिळवणीने फारसा हलत नाही. ज्याच्या कमी, त्याचा आकडा सरासरीकडे ओढला जातो. जसजसा तो खेळत जाईल तसतसा त्याचा स्वतःचा खेळ बोलू लागेल.

कुणाच्या वाट्याला अवघड चढाया येतात ते पाहा

यादीत अ तळाला गेला. त्याला संघातून काढण्याची घाई करू नये. आधी त्याच्या चढाया कोणत्या होत्या ते तपासावे.

समजा, अ च्या ९० पैकी ३० चढाया ‘डू ऑर डाय’ होत्या. त्यांत त्याने १६ गुण मिळवले आणि १५ दिले, निव्वळ १. उरलेल्या ६० साध्या चढायांत निव्वळ १७ आले, म्हणजे उतारा ०.२८. ब च्या वाट्याला अशा फक्त ५ चढाया आल्या, त्यांत २ गुण मिळाले आणि ३ गेले, निव्वळ उणे १. त्याच्या ५५ साध्या चढायांचा उतारा ०.४४ येतो.

यातून दोन गोष्टी कळतात. साध्या चढायांत ब अजूनही पुढे आहे. दोघांमधली दरी थोडी कमी झाली, मिटली नाही. पण संघाचा अवघड भार अ उचलतो आहे आणि तिथे तो तोट्यात गेलेला नाही. ‘डू ऑर डाय’मध्ये रिकाम्या हाताने परतण्याची सोय नसते, बचावपटूंना ते ठाऊक असते आणि ते टपून बसतात. अशा चढाईत निव्वळ शून्याच्या वर राहणे ही चांगली कामगिरी आहे. ब तिथे कसा आहे हे पाच चढायांवरून ठरत नाही. प्रशिक्षकाने काय करावे, हेही यातून निघते. सुरुवातीच्या चढाया ब ला जास्त द्याव्यात, अ ला अवघड वेळेसाठी ताजा ठेवावा आणि ब ला सरावात ‘डू ऑर डाय’ची सवय लावावी.

समोरच्या बचावपटूंच्या संख्येनुसारही तीन भाग पाडावेत: सहा-सात, चार-पाच आणि तीन किंवा कमी. काही खेळाडू सात जणांसमोर बोनस काढण्यात तरबेज असतात, पण समोर तिघे राहिले की सुपर टॅकलमध्ये सापडतात. एकच सरासरी पाहिली तर हा फरक झाकला जातो.

वेळ काढण्यासाठी केलेल्या चढायाही बाजूला काढाव्यात. शेवटची दोन मिनिटे उरली आहेत, संघ पाच गुणांनी पुढे आहे आणि खेळाडू दम न सोडता, अंगाला हात लागू न देता परत आला, तर ती रिकामी चढाई योग्यच होती. सहाव्या रकान्यातला गुणफरक त्यासाठीच लिहायचा. अशा चढाया उताऱ्यात धरू नयेत, पण नाबाद प्रमाणात जरूर धराव्यात.

बचावाची ताकद मोजा

दुबळ्या बचावापुढे कुणाचाही उतारा फुगतो. यासाठी त्या बचावाविरुद्ध स्पर्धेतल्या बाकीच्या सगळ्या चढाईपटूंचा मिळून उतारा किती आला ते काढावे आणि आपल्या खेळाडूच्या आकड्यातून वजा करावे. एका संघाविरुद्ध इतरांचा उतारा ०.४० असेल आणि आपल्या खेळाडूचा ०.४५, तर त्याची खरी कमाई ०.०५. दुसऱ्या संघाविरुद्ध इतरांना ०.१० च मिळत असेल आणि आपल्या खेळाडूने ०.२५ काढला, तर कमाई ०.१५. वरवर लहान दिसणारा दुसरा आकडा मोठा ठरतो. एक-दोन सामन्यांच्या स्पर्धेत हे गणित ठिसूळ असते. साखळी पद्धतीची स्पर्धा असेल तेव्हा ते जरूर करावे.

मॅटवरचे आणि मातीवरचे आकडे एकत्र मिसळू नयेत. पायाची पकड आणि वळण्याचा वेग दोन्हीकडे वेगळा असतो. मुलींच्या स्पर्धेला किंवा कमी मिनिटांचे सामने असलेल्या वयोगटाला हीच पद्धत जशीच्या तशी लागू पडते, कारण आपण मिनिटांनी न भागता चढायांनी भागतो.

खेळाडूने स्वतःची वही ठेवावी

या नोंदीचा सर्वांत मोठा लाभ खेळाडूलाच आहे. साठेक चढायांची नोंद जमली की आपण बाद कसे होतो ते ओळीने वाचावे. डाव्या कोपऱ्याने घोटा धरला, बोनसच्या मोहात पाय अडकला, साखळीने घेरले, की वेळ संपत आल्यावर घाईत हात मारायला गेलो? चार-पाच कारणांत सगळे बाद होणे बसते आणि त्यातले एखादे कारण बहुतेक वेळा इतरांपेक्षा ठळक निघते. पुढच्या महिन्याचा सराव त्या एका कारणावर करावा. गुण वाढवण्यापेक्षा बाद होणे कमी करणे सोपे असते आणि उतारा दोन्हींनी सारखाच वाढतो.

प्रशिक्षकांनी एक काळजी घ्यावी. आकडे लावायला लागले की खेळाडू आकडा जपायला लागतो. उतारा घसरेल म्हणून तो अवघड चढाई टाळू लागला, तर पद्धतीने नुकसानच केले. म्हणून ‘डू ऑर डाय’ची यादी वेगळी लावावी आणि तिचा मान वेगळा करावा. बचावपटूला जागेवरून ओढून काढणे, थकवणे, पुढच्या साथीदारासाठी फट निर्माण करणे ही कामे कोणत्याच रकान्यात येत नाहीत. ती प्रशिक्षकाच्या डोळ्यांनीच पाहायची असतात. आकड्यांनी कुणाकडे पाहायचे ते सांगावे, निवड माणसांनी करावी.

एवढे नक्की करा

आपल्या माळशिरस तालुक्याला अशी मोजदाद नवी नाही. वेळापूरसारख्या खो-खोच्या गावात कुणी किती मिनिटे संरक्षण केले हे लोक सेकंदांसह सांगतात आणि खो-खोच्या बातमीत प्रत्येक खेळाडूची वेळ छापली जाते. एकाच आकड्यावरून वाचकाला खेळाडूचा कस कळतो. कबड्डीच्या बातमीतही ‘अमुकने १४ गुण मिळवले’ याऐवजी ‘अमुकने २० चढायांत १४ गुण मिळवले, ४ वेळा बाद’ असे छापता येईल. त्यासाठी वर्तमानपत्रात पाच शब्दांची जास्त जागा लागेल.

१५ जुलै हा बुवा साळवी यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी आपल्या महाविद्यालयात दोन विद्यार्थ्यांना गुणलेखनाला बसवा, एक सराव सामना खेळवा आणि पहिली वही सुरू करा. हंगाम संपताना ती वही निवड समितीपुढे ठेवा. संघ पहिल्या फेरीत हरला तरी त्याच्या चढाईपटूची गुणवत्ता त्या वहीत शाबूत राहील, आणि ती पाहूनच निवड झाली पाहिजे असा आग्रह आपण सर्वांनी धरायला हवा.